जळक्या तेलाचा वास

माझी थोरली बहीण अक्का. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. पुण्याला दवाखान्यात दाखवून आम्ही परत येत होतो. गाडी अक्काच्याच मुलाची, म्हणजे माझ्या भाच्याची. जुनी डिझेलची जीप आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं ती दुसऱ्याकडून विकत घेतली. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. लग्नाचं वऱ्हाड, जेजुरीचं देवदर्शन, आजारी माणसाला बारामतीला नाही तर पुण्याला नेणं, अशी भाडी तो करतो. त्यावर घर चालतं. आमचा भाग कऱ्हाकाठचा खरा, पण जिरायत. पाऊस झाला तर बाजरी, नाही तर धूळ.

हडपसर मागं पडलं, वडकी मागं पडली. दिवे घाट लागला. ज्ञानोबांची पालखी पंढरपूरला जाताना हाच घाट चढते. चढ मोठा आहे. ऊन होतं. गाडीत आम्ही सातजण आणि सामान. निम्म्या घाटात अक्का म्हणाली, "कुणी फोडणी जाळली गं बाई?"

अक्काला दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. मग मलाही वास आला. तेल करपल्याचा उग्र वास. घसा खवखवायला लागला.

भाचा म्हणाला, "मामा, ह्यो वास मला पंधरा दिवसं येतुया. चढ लागला की येतो. सपाटीला जातो."

"आरं मग दाखवलं का नाहीस कुणाला?"

"गाडी चालती की. म्हटलं जाईल आपोआप."

मंडळी, इथंच पहिली चूक झाली. वास आपोआप येत नाही आणि आपोआप जातही नाही. वास म्हणजे काहीतरी जळतं आहे. काय जळतं आहे, हे शोधायला हवं.

घाटमाथ्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. इंजिनाच्या एका बाजूनं निळसर धूर बारीक बारीक वर येत होता, विझत आलेल्या उदबत्तीसारखा. खाली बघितलं तर रस्त्यावर थेंब नव्हता. भाच्याला धीर आला. "गळत नाही मामा. चला."

थेंब खाली पडला नाही, कारण तो खाली पडायच्या आधीच जळत होता. पण हे तेव्हा आम्हां दोघांनाही कळलं नाही.

वाटेत एका गावी रस्त्याकडेला गॅरेज होतं. तिथं थांबलो. तिथल्या माणसानं इंजिन चालू ठेवून तेल ओतायचं टोपण काढलं. आतून भक् भक् वारा बाहेर आला. वाऱ्याबरोबर तेलाचे शिंतोडे आले. तो म्हणाला, "रिंग गेल्या. इंजिन बांधावं लागंल. साठ-सत्तर हजार धरून चाला."

भाच्याचं तोंड उतरलं. पतसंस्थेचे हप्ते अजून दोन वर्षांचे राहिले होते. घरी गेल्यावर रात्री अक्कानं ट्रंकेतून बोरमाळ काढली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "भाऊ, ही मोडा. डोळं काय, पुढच्या साली बघू."

मी बोरमाळ परत ट्रंकेत ठेवायला लावली. म्हटलं, आधी दुसऱ्याला विचारू. आजारी माणसाचं मोठं ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरला विचारतोच की.

बारामतीला माझ्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांची सुरुवात विहिरीवरची ऑईल इंजिनं दुरुस्त करण्यापासून झाली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला. ती इंजिनं पुढं गावोगाव विहिरींवर बसली. मोटेचे बैल सुटले आणि पट्ट्यानं फिरणारे पंप आले. माझ्या वयाच्या लोकांना विहिरीवरचा तो ठक् ठक् आवाज आणि जळक्या तेलाचा वास आठवत असेल. मिस्त्रींचं नाक त्या वासावर तयार झालेलं.

त्यांनी इंजिनाला हात लावायच्या आधी भाच्याला प्रश्न विचारले. गंमत अशी, की आमच्या शाळेत परीक्षेला बसलेल्या पोरासारखा भाचा गप्प उभा.

"वास कवा येतो? चढाला का उताराला?"

"चढाला. आन् गाडी थांबवली की जास्त येतो."

"मागनं नळीतनं निळा धूर येतो का?"

"न्हाई."

"सकाळी पयल्यांदा चालू करताना?"

"न्हाई येत."

"तेल किती कमी हुतं?"

इथं भाचा अडला. पण अक्काच्या घरी एक वही आहे. डिझेल किती भरलं, तेल किती आणलं, हे सारं तीत लिहितात. वहीत सापडलं, की दोन महिन्यांत चार वेळा अर्धा अर्धा लिटर तेल वरून ओतलं होतं. म्हणजे दोन लिटर तेल कुठंतरी गेलं. खाली सांडलं नाही. मागून निळा धूर नाही. मग गेलं कुठं?

आता थोडं इंजिनाविषयी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो. का घालतो? लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. वंगण नसेल तर चाक करकरतं, आस झिजतो, बैलांना ओढ जड जाते. मोटारीच्या इंजिनात असे आस पुष्कळ असतात आणि ते फार जोरात फिरतात. गाडी रस्त्यानं नीट चालली असताना इंजिनाचा मुख्य दांडा एका मिनिटात दोन हजार वेळा फिरतो. काही वेळा त्याहून जास्त. इतक्या वेगात वंगण हातानं घालून चालत नाही. म्हणून इंजिनाच्या तळाला तेलाची एक परात असते. तिला चेंबर म्हणतात. तिथून एक लहान पंप तेल ओढतो, चाळणीतून गाळतो आणि इंजिनाच्या अगदी माथ्यापर्यंत पोचवतो. ते तेल सगळ्या भागांना भिजवून पुन्हा खाली चेंबरात उतरतं. अंगात रक्त फिरतं तसं.

इंजिन अनेक तुकड्यांचं बनलेलं असतं. दोन तुकडे जिथं जुळतात, तिथून तेल बाहेर येऊ नये म्हणून मधे रबराचं नाही तर बुचाचं पॅकिंग घालतात. फिरता दांडा जिथं बाहेर निघतो, तिथं रबराची कडी असते, तिला ऑईल सील म्हणतात. रबर उष्णतेनं कडक होतं, तडकतं. जुन्या चपलेच्या टाचेसारखं. मग तिथून तेल पाझरायला लागतं.

इंजिनाच्या माथ्यावर पत्र्याचं किंवा बिडाचं एक झाकण असतं. त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्याच खाली, एका अंगाला, जळलेला धूर बाहेर नेणारा बिडाचा जाड नळ असतो. हाच नळ पुढं सायलेन्सरला जातो. तो किती तापतो? पाणी १०० अंशांना उकळतं. हा नळ चढाला ३००-४०० अंशांच्याही पुढं जातो. इंजिनाचं तेल साधारण २०० अंशांच्या पुढं गेलं की धुरायला लागतं. तेव्हा वरच्या झाकणातून तेलाचा एखादा थेंब या नळावर उतरला, तर तापल्या तव्यावर तेल पडावं तसं होतं. चर्र होतं आणि धूर निघतो. थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही.

चढालाच का? एक तर चढाला इंजिनावर ताण येतो आणि नळ जास्त तापतो. दुसरं, गाडीचं तोंड वर होतं, तेव्हा झाकणातलं तेल मागच्या कडेला जमतं. पॅकिंग मागच्या कोपऱ्यात फाटलं असेल तर तिथून ते बाहेर येतं. सपाटीला ते मागं जमत नाही, म्हणून वास कमी. आणि गाडी थांबली की वास जास्त, कारण चालत्या गाडीत वारा धूर मागं नेतो. थांबल्यावर तो वर येतो आणि आत शिरतो.

मिस्त्रींनी इतकं सगळं आम्हांला सांगितलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "तेल आत जळत न्हाई. भाईर जळतंय. इंजिन खोलायचं कारण न्हाई." बाकीचं मी नंतर विचारून विचारून घेतलं. मास्तराची खोड जात नाही.

तेल आत जळणं आणि बाहेर जळणं, हा फरक पैशाचा आहे म्हणून जरा थांबतो. इंजिनाच्या आत पिस्टन खालीवर होतो. त्याला कड्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. रिंगा झिजल्या तर खालचं तेल वर जातं आणि डिझेलबरोबर जळतं. त्याचा धूर मागच्या नळीतून निळसर येतो. ओझं ओढताना जास्त येतो. कधी रिंगा चांगल्या असतात, पण वरच्या झडपांची रबरं झिजलेली असतात. तेव्हा रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की एकदाच निळा भपका येतो आणि थांबतो. लांब उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला तरी तसाच भपका येतो. हे आतलं दुखणं. त्याला खर्च आहे. मागून निळा धूर नसेल, तेल कमी होत असेल आणि बॉनेटखाली जळका वास असेल, तर पहिला संशय बाहेरच्या गळतीचा घ्यावा.

गळती शोधणं मात्र सोपं नव्हतं. आमच्या भागातली धूळ तुम्हांला माहीत आहे. मोरगाव-सुप्याच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात गाडीमागं ढग उठतो. ती धूळ तेलावर बसली होती आणि इंजिनावर काळ्या चिखलाचा बोटभर थर झाला होता. सगळीकडंच तेल दिसत होतं. मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिलं. मग ब्रशनं आणि डिझेलच्या चिंधीनं पुसून, धुऊन, वाळवून लख्ख केलं. नंतर पोरीबाळी तोंडाला लावतात ती पावडर जोडांवर भुरभुरवली. फिरत्या पट्ट्यांवर मात्र पडू दिली नाही. भाच्याला म्हणाले, "जा, मोरगावापर्यंत जाऊन ये."

भाचा परत आला. पांढऱ्या पावडरीवर एकच काळी रेघ होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून सरळ त्या तापल्या नळावर उतरलेली. फळ्यावर खडूनं काढावी तशी स्पष्ट, फक्त रंग उलटे.

तळातली गळती शोधायचा आणखी एक घरगुती उपाय आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवायचा. सकाळी त्यावर डाग बघायचे. तपकिरी-काळा आणि बुळबुळीत डाग इंजिनाच्या तेलाचा. हिरवट किंवा तांबूस पाण्यासारखा असेल तर बहुधा रेडिएटरचं पाणी. नुसतं स्वच्छ पाणी असेल आणि एसी चालवला असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नाही. डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला, यावरून जागा कळते. मात्र चालताना वाऱ्यानं तेल मागं उडतं. म्हणून सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा शोधायची. खालचं ओलं बहुतेक वरूनच आलेलं असतं.

कव्हर उघडलं. पॅकिंग वाळून पापडासारखं झालं होतं. आधी कुणीतरी त्यावर भरपूर चिकटवणी थापली होती आणि नट वाजवीपेक्षा जास्त आवळले होते. गळतं म्हणून माणूस नट आवळतो. त्यानं पत्र्याची कड वाकते आणि आणखी गळतं. मिस्त्रींनी कड सरळ केली, दोन्ही तोंडं साफ केली, नवं पॅकिंग बसवलं आणि नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. सगळे मिळून बाराशे रुपये झाले. कुठं सत्तर हजार आणि कुठं बाराशे. अक्कानं मिस्त्रींना दुवा दिला.

गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण महिन्यानं तोच वास पुन्हा आला.

भाचा चिडला. "मामा, तुमच्या मिस्त्रीनं बी फसवलं." मीही मनातून हललो. पुन्हा बारामतीला गेलो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, नवं पॅकिंग एका जागी बाहेर ढकललेलं बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, चूक माझी हाय. कुठनं गळतंय ते बघितलं. का गळतंय ते बघितलंच न्हाई."

त्यांनी तेलाचं टोपण काढलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं काढलं होतं तसंच. आतून तसाच भक् भक् वारा. म्हणजे पहिल्या माणसानं जे पाहिलं होतं ते खोटं नव्हतं. त्यानं त्यावरून काढलेला अर्थ चुकला होता.

इंजिनात डिझेल जळतं, तेव्हा थोडा वायू रिंगांच्या कडेनं खाली चेंबरात उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर जायला एक वाट ठेवलेली असते. टॅपेट कव्हरपासून एक रबरी नळी निघते आणि हवा ओढणाऱ्या पाइपाला मिळते. तिला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. हे नाक चोंदलं तर वायू आत कोंडतो. चुलीवरच्या भांड्याचं झाकण गच्च दाबून धरलं तर वाफ कडेनं फुसफुस बाहेर येते ना? तसा तो कोंडलेला वायू जिथं जागा कच्ची असेल तिथून तेलाला ढकलून बाहेर काढतो. आज एक पॅकिंग, उद्या दुसरं, परवा दांड्याचं सील. नवं पॅकिंग घालून काय उपयोग?

भाच्याच्या गाडीची ती नळी काढली. आत तेल आणि धूळ मिळून काकवीसारखा काळा गोळा बसला होता. फुंकर मारली तरी हवा जाईना. नळी धुतली, तिचं तोंड साफ केलं, एअर फिल्टर धुळीनं भरला होता तो बदलला. मग पुन्हा इंजिन चालू करून टोपण उघडलं. वारा आता अगदी थोडा. मग मिस्त्रींनी आणखी खात्री केली. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात दाब किती भरतो हे मोजायचं एक घड्याळ असतं. ते लावून बघितलं. चारही सिलिंडरांचा दाब चांगला आणि जवळजवळ सारखा निघाला. म्हणजे रिंगा शाबूत होत्या. इंजिन बांधायला सांगणाऱ्या माणसाकडून आधी ही मोजणी करून घ्यावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण हजारो रुपये त्यावर ठरतात.

आता सगळेच जळके वास तेलाचे नसतात. मोटारीत नाक कसं वापरावं ते सांगतो. तेल करपल्याचा वास आपण पाहिला. नुकतंच तेल बदललं असेल आणि ओतताना थोडं सांडलं असेल, तर एक-दोन दिवस वास येतो आणि जातो. त्याला घाबरू नये. पण टोपण लावायचं राहिलं नाही ना, एवढं मात्र लगेच बघावं. राहिलेलं मी पाहिलं आहे.

घाटात कागद किंवा पुठ्ठा जळल्यासारखा वास आला, तर तो बहुधा क्लच प्लेटचा असतो. पुष्कळ लोक चढाला क्लचवर पाय ठेवून गाडी तोलतात, त्यानं प्लेट जळते. उतारानंतर चाकापाशी उग्र वास आला, तर ब्रेक तापले. उताराला गाडी खालच्या गिअरात ठेवावी, सतत ब्रेक दाबून धरू नये. हँडब्रेक ओढलेलाच राहिला तरी असाच वास येतो. गोडसर वास, गुऱ्हाळावर येतो तसा, पण जरा आंबूस, हा रेडिएटरच्या रंगीत पाण्याचा, म्हणजे कूलंटचा. ते पाणी विषारी असतं. पोराबाळांनी, कुत्र्यामांजरांनी चाटू नये. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं.

दोन वास असे, की एक क्षणही थांबू नये. एक प्लास्टिक जळल्याचा. तो वायरींचा. दुसरा पेट्रोल-डिझेलचा. गाडी बाजूला घ्यावी, किल्ली बंद करावी, सगळ्या माणसांना उतरवावं. मग पुढचं.

तेल तापल्या नळावर फार पडलं तर पेट घेऊ शकतं. बॉनेटखालून ज्वाळा दिसल्या तर बॉनेट सताड उघडू नये. हवा मिळाली की आग भडकते. माणसं लांब न्यावीत. जवळ आग विझवायचा पावडरचा डबा असेल तर बॉनेटच्या फटीतून मारावा. डबा नसेल आणि आग अगदी लहान असेल तरच कोरडी माती टाकावी. पेटत्या तेलावर पाणी टाकू नये. तेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. कढईतल्या पेटलेल्या तेलाचंही असंच आहे, बायामाणसांना हे ठाऊक असतं. आग मोठी असेल तर गाडीचा लोभ सोडावा आणि ११२ नंबरला फोन करावा.

तेल बघायचं कसं, हे आता भाच्यानं अक्काच्या नातवालाही शिकवलं आहे. गाडी सपाट जागी उभी करायची. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं तेल चेंबरात उतरतं. तेलाची पट्टी ओढून काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि परत काढायची. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मधे हवं. खालच्या खुणेखाली गेलं तर गाडी चालवू नये. आतले भाग कोरडे पडून इंजिन धरतं. मग सत्तर हजारही पुरत नाहीत. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट, कारण जादा तेल फेसाळतं आणि सीलांतून बाहेर येतं. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर तेल. डिझेलच्या गाडीचं तेल लवकर काळं पडतं, त्यात वावगं काही नाही. पण तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. गाडी चालू न करता मिस्त्रीला बोलवावं.

तेलाच्या डब्यावर आकडे असतात. १५ डब्ल्यू ४०, २० डब्ल्यू ४० असे. डब्ल्यू म्हणजे थंडीसाठीचं इंग्रजी अक्षर. पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा गरमीत किती घट्ट राहतं ते सांगतो. आपल्या गाडीला कोणतं तेल, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात छापलेलं असतं. दुकानदार देईल ते घेऊ नये. भाच्यानं वरून ओतलेलं तेल असंच कुणीतरी स्वस्तात दिलेलं निघालं. मिस्त्रींनी ते सगळं काढून चाळणीसकट नवं भरलं. काढलेलं काळं तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. थोडं तेलही पुष्कळ पाणी नासवतं. डब्यात साठवून गॅरेजवर द्यावं, जुनं तेल विकत घेणारे तिथं येतात.

अक्काला मी एकदा एका बाईची गोष्ट सांगितली. जर्मनीत १८८८ साली बेर्टा बेंझ नावाची बाई, नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह माहेरी निघाली. नवऱ्याला न सांगता. वाट शंभर किलोमीटरच्या थोडी वर, म्हणजे साधारण बारामती-पुण्याइतकी. इतक्या लांब मोटारीनं तोवर कुणी गेलं नव्हतं. वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकचं लाकूड झिजलं, तर एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. अक्का म्हणाली, "म्हंजे तिची बी नळी चोंदली व्हती की." मग थोडा वेळ विचार करून म्हणाली, "न सांगता गेली ते बराबर केलं. सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं."

दिवाळीनंतर अक्काच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला घेऊन आम्ही परत दिवे घाट चढलो. भाच्याचं सगळं ध्यान नाकात. घाटमाथ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "मामा, वास येतुया."

मीही हुंगलं. खरंच तेलाचा वास होता. भाचा धावत उतरला, बॉनेट उघडलं. इंजिन कोरडं ठणठणीत. अक्का काळा चष्मा लावून आतच बसली होती. ती हसायला लागली. पलीकडं एका गाड्यावर कढई चढली होती. भज्यांचा घाणा चालू होता.

आम्ही भजी घेतली. ती खाईपर्यंत इंजिन निवलं. मग भाच्यानं गाडी थोडी पुढं सपाटीला घेतली, दहा मिनिटं थांबून पट्टी काढली. तेल वरच्या खुणेला होतं. अक्कानं पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तारीख घाला, भाऊ. अजून मला बारीक दिसत न्हाई."